झाकली मूठ: टोपणनावाने स्वतःविषयी लिहायला बसण्यापूर्वी

वडील गेल्यानंतर वर्षभराने मी त्यांच्या दाढीच्या सामानावर एक लेख लिहिला. नाव टोपणच. गाव बदललेलं, आजार बदललेला, बँकेत हयात घालवलेल्या वडिलांना शाळेत मास्तर करून टाकलेलं. लेख टाकल्याच्या तिसऱ्या दिवशी आत्याचा फोन आला. ‘तो कान तुटका कप टाकून नाही ना दिलास गं?’ बाकी काही नाही, एवढंच.

ज्या कपात त्यांचा ब्रश उभा असायचा तो निळ्या फुलांचा, कान तुटलेला कप मी लेखात जसाच्या तसा ठेवला होता. दुसरं काही सुचेना म्हणून नव्हे. अख्ख्या लेखात जिवंत असं तेवढंच होतं म्हणून.

नव्याने लिहू लागलेली मंडळी मला हमखास विचारतात, कुठलं व्हीपीएन (म्हणजे इंटरनेटवरचा आपला पत्ता झाकणारी सेवा) घेऊ? आत्याला मला शोधायला काही लागलं नाही. म्हणून खालच्या पायऱ्यांमध्ये यंत्रांची बाजू थोडक्यात येईल आणि माणसांची जास्त.

पहिली पायरी: कोणापासून लपायचंय?

एक कागद घ्या आणि नावं लिहा. ‘लोक’ असं मोघम लिहू नका. सासूबाई. ऑफिसातले साहेब. सोसायटीचे सेक्रेटरी. कॉलेजातला तो एकजण. ज्याने वाचलं तर तुमचं काही बिघडेल असाच माणूस लिहायचा, आणि नेमकं काय बिघडेल ते पुढे एका ओळीत. बहुतेकांची यादी सात-आठ नावांपलीकडे जात नाही, आणि त्यातले सगळे तुम्हाला आधीपासून ओळखणारे असतात. हे एकदा दिसलं की कामाचं स्वरूपच बदलतं. अनोळखी माणसाला तुम्ही कोण हे शोधून काढावं लागतं. ओळखीच्याला शोधावं लागत नाही, त्याला नुसती शंका यावी लागते.

याचा उलटा दाखला 2009 च्या आयपीएलमधला. ‘फेक आयपीएल प्लेयर’ नावाने कोणीतरी कोलकात्याच्या संघाच्या ड्रेसिंग रूममधल्या भानगडी रोज लिहीत होतं आणि सगळा देश संघातल्या खेळाडूंकडे संशयाने पाहत होता. पुढच्या वर्षी त्या गृहस्थाने स्वतःच नाव सांगितलं. तो बंगळुरूचा, संघाशी काही संबंध नसलेला निघाला. जिथे शोध चालला होता तिथे तो नव्हताच, म्हणून सापडला नाही. आपण स्वतःविषयी लिहिणारे मात्र नेमके तिथेच बसलेले असतो जिथे शोधणारा पहिल्यांदा बघणार.

यादीत पोलिस, सरकार किंवा एखादा तालेवार माणूस असेल तर हा लेख तुम्हाला पुरणार नाही. टोपणनाव हा पडदा आहे, भिंत नव्हे. 2021 च्या आयटी नियमांनुसार अधिकृत तपास यंत्रणेने लेखी आदेश दिला की संकेतस्थळाला 72 तासांच्या आत माहिती द्यावी लागते. मोबाइल नंबर दिला असेल तर त्यामागे तुमची केवायसी आहेच. व्हीपीएनवाल्यांनीही ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवावी, असे निर्देश सर्ट-इन या सरकारी संस्थेने एप्रिल 2022 मध्ये काढले. त्यावर काही कंपन्यांनी आपले सर्व्हरच भारतातून हलवले. तेव्हा असं काही लिहायचं असेल तर आधी वकील गाठा.

दुसरी पायरी: नाव

टोपणनावांची आपल्याकडे मोठी परंपरा आहे, पण लपण्याच्या दृष्टीने ती अगदीच कुचकामी. ‘कुसुमाग्रज’ म्हणजे कुसुमचा थोरला भाऊ; नावातच बहीण सांगून टाकली. त्या कवींना लपायचं नव्हतं, मिरवायला एक सुंदर नाव हवं होतं. तुम्हाला लपायचंय. त्यामुळे मुलीचं नाव, गावाचं नाव, आजोळचं आडनाव, स्वतःची आद्याक्षरं, कुलदैवत यातलं काहीही घालू नका.

खरोखर लपण्यासाठी घेतलेलं नाव पाहायचं तर 1933 सालचं ‘विभावरी शिरूरकर’. ‘कळ्यांचे निःश्वास’ या कथांमध्ये शिकलेल्या, अविवाहित मुलींची घुसमट होती, आणि पुस्तकापेक्षा ही बाई कोण यावरच महाराष्ट्रात जास्त गदारोळ झाला. पुढे त्या मालतीबाई बेडेकर म्हणून सर्वांना माहीत झाल्या. त्या नावात बघण्यासारखी गोष्ट ही की ते अगदी खऱ्या बाईचं नाव वाटतं. ‘निनावी पाखरू’, ‘एक वेडी’, ‘अज्ञात’ अशी नावं उलट वाचणाऱ्याचं कुतूहल चाळवतात: ही आहे तरी कोण? साधं, नाव-आडनाव असलेलं, कंटाळवाणं नाव घ्या. घेण्यापूर्वी शोधून पाहा, त्या नावाचा खरा माणूस निघाला तर तुमच्या लिखाणाचं लचांड बिचाऱ्याच्या गळ्यात पडायचं.

तिसरी पायरी: खातं उघडणं

नवीन ई-मेल काढा, टोपणनावानेच. तुमचा रोजचा नंबर देऊ नका. देणं भागच असेल तर तो कुठेही दिसणार नाही आणि ‘तुमच्या संपर्कातल्या लोकांना शोधा’ हा पर्याय बंद राहील एवढं बघा. हा पर्याय चालू राहिला की टोपणनावाचं खातं भाचीला ‘तुम्ही यांना ओळखत असाल’ म्हणून सुचवलं जातं. ब्राउझरमध्ये वेगळं प्रोफाइल करा, म्हणजे घाईत चुकीच्या खात्यातून काही जाणार नाही.

‘पासवर्ड विसरलात?’ यामागचे प्रश्न खरे उत्तर देऊन भरू नका. आईचं माहेरचं नाव अख्ख्या भावकीला माहीत असतं! इंग्लंडमधला एक पोलिस अधिकारी ‘नाइटजॅक’ नावाने कामावरचे अनुभव लिहायचा. 2009 मध्ये त्याला ऑर्वेल पारितोषिक मिळालं आणि त्याच वर्षी एका मोठ्या वृत्तपत्राने त्याचं नाव छापलं. तो कोर्टात गेला होता, पण असं लिहिणं हे मुळात चारचौघांतलं काम आहे, त्यात खासगीपणाची अपेक्षा धरता येत नाही, असं न्यायाधीशांचं मत पडलं. सगळं लिखाण त्याला काढून टाकावं लागलं, वर नोकरीत लेखी समज मिळाली. वार्ताहर त्याच्या ई-मेल खात्यात घुसला होता, हे 2012 मध्ये उघड झालं. तेव्हा दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा, तीही एसएमएसऐवजी ॲपवरची.

आता आपल्याकडच्या खास फटी. गूगल डॉकची लिंक कोणाला पाठवलीत तर मालक म्हणून तुमचं खरं नाव दिसू शकतं. वर्डच्या फाइलमध्ये ‘लेखक’ म्हणून संगणकाच्या मालकाचं नाव बसलेलं असतं, पीडीएफमध्येही ते उतरतं. वाचकांना ‘चहापुरते पैसे पाठवा’ म्हणून यूपीआयचा क्यूआर दिलात की पैसे पाठवणाऱ्याला बँकेतलं पूर्ण नाव दिसतं, वडिलांच्या नावासकट. नंबर दिलात तर ट्रूकॉलरवर ‘मीना एलआयसी’ किंवा ‘पाटील मॅडम क्लास’ असं काहीतरी येणार, कारण तुमचा नंबर कोणीतरी तसाच साठवलाय.

आणि घरातला फोन. मराठी कीबोर्ड शब्द शिकतो. तुमचं टोपणनाव तुम्ही दहा वेळा टाइप केलंत की अकराव्या वेळी मुलगा शाळेच्या ग्रुपवर काही लिहायला फोन घेतो आणि पहिली दोन अक्षरं टाकताच ते नाव वरच्या पट्टीत हजर. माझ्याकडे हे झालेलं आहे. मुलगा सहावीत होता, त्याने विचारलं, ‘ही कोण?’ मी म्हटलं, ऑफिसातल्या मॅडम. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये शिकलेले शब्द पुसायची सोय असते, ती वापरा. लॉक पडद्यावरच्या सूचनाही बंद करा.

चौथी पायरी: तुमची मराठी

इथे थोडं थांबू, कारण इंग्रजीत लिहिणाऱ्याला जे भोग नाहीत ते आपल्याला आहेत.

पहिला भोग क्रियापदाचा. ‘आय वेन्ट’ म्हणणाऱ्याला बाई की पुरुष हे सांगावं लागत नाही. आपण ‘मी गेले’ म्हणतो आणि अर्धी वस्ती यादीतून वजा होते. या लेखात मी बाई आहे हे तुम्हाला कधीच कळलंय. (आहे की नाही, हे मात्र विचारू नका.) लिंग लपवून मराठीत लिहिता येतं का? येतं, पण वाक्य फिरवावं लागतं. हे पाहा:

‘सकाळी स्टेशनवर गेले. अर्धा तास थांबले. गाडी आली नाही तेव्हा चिडले आणि परत निघाले.’

‘सकाळी स्टेशन गाठलं. अर्धा तास गेला. गाडी आली नाही तेव्हा डोकं फिरलं, सरळ घरचा रस्ता धरला.’

मराठीत ‘मला राग आला’, ‘मी पाहिलं’, ‘माझ्या लक्षात आलं’ अशी मुबलक वाक्यं आहेत ज्यात लिंग उघडं पडत नाही. पण साधा वर्तमानकाळ घात करतो: ‘मी जाते’, ‘मी करतो’, इथे पळवाट नाही. दोन पानं झाली की वाक्यं चोरपावलांनी चालल्यासारखी वाटतात आणि मुरलेल्या वाचकाला नेमकं तेच खटकतं. माझा सल्ला असा की यादीतल्या माणसांना चकवण्यासाठी लिंग लपवणं फारच गरजेचं नसेल तर त्या फंदात पडू नका. ‘गेलो’ आणि ‘गेले’ यांची अदलाबदल करून तर मुळीच नाही, पाचव्या लेखात जीभ घसरतेच. अपवाद कोल्हापूरकरणींचा, त्या एरवीही ‘मी येतो’ म्हणतात. पण मग कोल्हापूर कळतं.

दुसरा भोग बोलीचा. कोथिंबिरीला ‘सांभार’ म्हटलंत की तुम्ही विदर्भातले. ‘काय करून राहिली’ तिकडचंच, ‘करायलोय’ मराठवाड्यातलं, ‘लई’ कुठलं ते सांगायला नको. आमटी, वरण की कालवण, चपाती की पोळी, यावरून मराठी वाचक गावापर्यंत जाऊन थांबत नाही, तो आडनावाचा अंदाज बांधायला लागतो. ही आपली जुनी खोड. आता यावर उपाय म्हणून सगळं पुस्तकी मराठीत लिहायचं का? तसं केलंत तर लिहू नका असंच मी म्हणेन. त्याऐवजी एवढं करा: मजकूर झाला की मोठ्याने वाचा आणि जे शब्द फक्त तुमच्या घरात चालतात त्यांच्याखाली रेघ मारा. गावाचे शब्द राहू द्या, घराचे तपासा. ‘सांभार’ लाखो लोक म्हणतात. पण आमच्याकडे उरलेल्या भातासाठी एक शब्द आहे जो आजीने बनवला आणि जगात आम्ही नऊजणच वापरतो. तो छापला की नऊजणांना कळलं.

तिसरा भोग नात्यांचा. इंग्रजीतल्या ‘आँटी’त दहा बायका लपतात. आपली नाती म्हणजे पत्ताच. ‘माझ्या थोरल्या जाऊबाई’ जगात एकच असते, तिला स्वतःला हे सगळ्यात आधी कळतं. लेखातल्या जावेला मावसबहीण करा, दिराला शेजारी करा. प्रसंग टिकतो, पत्ता जातो.

एक शेवटची तपासणी. तुमचा एखादा लाडका वाक्प्रयोग, ठरावीक कोटी, तीन टिंबं देण्याची सवय तुमच्या खऱ्या नावाच्या फेसबुकवरही असणार. त्यातलं एक वाक्य अवतरणचिन्हांत घालून शोधा. आणि जुना लेख नव्या नावाने पुन्हा टाकण्याचा मोह आवरा, दोन्ही नावं एका ओळीत आणून ठेवण्याचा तो सोपा मार्ग आहे.

पाचवी पायरी: उरले किती?

लटान्या स्वीनी या संगणकशास्त्रज्ञ बाईंनी 2000 साली दाखवलं की पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग एवढ्या तीन गोष्टींवरून अमेरिकेतली 87 टक्के माणसं एकमेवपणे ओळखता येतात. तिन्हींपैकी एकही गोष्ट कोणी गुपित मानत नाही. आपल्या लिखाणाचंही असंच. एका लेखात सोलापूर, दुसऱ्यात राष्ट्रीयीकृत बँकेतली नोकरी, चौथ्यात जुळ्या मुली, सहा महिन्यांनी कुठेतरी नवरा तबला वाजवतो. प्रत्येक लेख निर्धोक. सहा लेख एकत्र वाचणारीला मात्र तुमचं दार ठोठावायचं तेवढं बाकी.

म्हणून वहीत एक पान ठेवा: आजवर स्वतःविषयी काय काय सांगून बसलेय. प्रत्येक नव्या तपशिलापुढे अंदाज मांडा, आता हे सगळं लागू पडणारी किती माणसं उरली? हजारांत असाल तर मजेत लिहा. दहांवर आलात की पुढचा तपशील खोटा द्यायचा. आणि खोटं एकदा ठरवलं की तेच कायम. मी वडिलांना मास्तर केलं तर ते कायमचे मास्तर, नाहीतर वाचकच चूक काढतात.

वेळही सांभाळा. आज सकाळी सोसायटीच्या सभेत भांडण झालं आणि रात्री तुम्ही ‘एका सभेतलं भांडण’ लिहिलंत तर सेक्रेटरी काही दूधखुळे नाहीत. मी किमान सहा महिने जाऊ देते. गणपतीतलं होळीला, होळीचं गणपतीला.

सहावी पायरी: फोटो

नका टाकू. टाकायचेच असतील तर फोनच्या कॅमेऱ्याचं लोकेशन बंद करा. जॉन मॅकाफी हा अँटिव्हायरसवाला उद्योजक 2012 च्या डिसेंबरमध्ये पोलिसांपासून पळत होता, तेव्हा एका मासिकाने त्याच्यासोबत काढलेला फोटो टाकला आणि फोटोच्या पोटात ग्वातेमालातली जागा अक्षांश-रेखांशांसकट निघाली. व्हॉट्सॲप साधा फोटो पाठवताना ही माहिती काढतं, पण तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर ती राहते. फोटोचा स्क्रीनशॉट घेऊन तो वापरणं सोपं. बाकी डोळ्यांना दिसणारं: मागच्या गाडीची एमएच 13, खिडकीतून दिसणारी पाण्याची टाकी, चकचकीत पातेल्यात उमटलेलं तुमचं तोंड.

सातवी पायरी: कात्री कुणाच्या हातात?

एवढं सगळं केलंत, खातं तयार आहे, नाव जमलंय, आणि तुम्ही बसलात. आता जे होतं ते मी शंभर वेळा अनुभवलंय. तीन ओळी लिहिल्या जातात, दोन पुसल्या जातात. खांद्यामागे कोणीतरी उभं राहून वाचतंय असं वाटत राहतं.

फेसबुकच्या दोन संशोधकांनी 2013 मध्ये एक अभ्यास छापला; त्यासाठी 39 लाख वापरकर्त्यांकडे 17 दिवस लक्ष ठेवलं होतं. त्यातल्या 71 टक्के लोकांनी निदान एकदा तरी काहीतरी टाइप केलं आणि न टाकताच सोडून दिलं. (न टाकलेलंही मोजता येतं, हे यातून कळलं ते वेगळंच.) ते सगळे आपल्या खऱ्या नावाने वावरत होते. टोपणनाव घेतलं म्हणजे ही सवय सुटते असं समजू नका. नाव बदललं तरी खांद्यामागचा माणूस तोच असतो.

मी काय करते ते सांगते. पहिला खर्डा वहीत, हाताने. त्यात सगळी खरी नावं, खरे शब्द, शिव्यासुद्धा. तो कधीच कोणाला दाखवायचा नाही हे ठरलेलं, म्हणून हात मोकळा राहतो. वही आठवडाभर कपाटात. मग तीन रंगांच्या पेन्सिली घेऊन बसायचं आणि जिथे जिथे ‘हे काढावं’ असं वाटतं तिथे विचारायचं, का?

उत्तर भीती असेल तर लाल. भीड असेल तर पिवळा. ही गोष्ट मुळात दुसऱ्याची आहे असं असेल तर निळा.

लाल ओळीला पहिल्या पायरीतल्या कागदासमोर धरा. नेमकं कोण काय करील? ‘साहेब वाचतील आणि बदली करतील’, हे उत्तर झालं. ओळ काढा किंवा ऑफिसच बदला, म्हणजे कागदावरचं. उत्तर ‘काहीतरी होईल’ एवढंच येत असेल तर ओळ राहू द्या.

पिवळ्या ओळी सगळ्यात जास्त निघतात आणि लेखाचा जीव बहुतेकदा तिथेच असतो. भीड भिकेची बहीण हे लिहिणाऱ्याइतकं कोणालाच लागू नाही. वडिलांच्या शेवटच्या महिन्यात मी एकदा त्यांच्यावर ओरडले, ते लिहायची मला भीती नव्हती. कोण काय करणार? भीड होती. चांगल्या मुली असं लिहीत नाहीत, एवढंच. ती ओळ पिवळी झाली आणि राहिली. पिवळ्यांपैकी निम्म्या तरी ठेवायच्या असा मी स्वतःला नियम घातलाय.

निळ्यांना हात जोडायचे. बहिणीचा घटस्फोट, भावाचं दारूचं व्यसन, मुलाचं अंथरूण ओलं करणं. त्यात तुमच्या वाट्याचं जे आहे, म्हणजे तुम्हाला काय वाटलं, तुम्ही काय केलंत, ते तुमचं. बाकीचं त्यांनी सांगायचं किंवा झाकायचं. टोपणनाव तुम्हाला झाकतं, त्यांना नाही. तुमची ओळख पटली की त्याच क्षणी तेही उघडे. मुलांच्या बाबतीत मी फारच कडक आहे. तो सहावीतला मुलगा आता बारावीत आहे आणि शोधायला माझ्यापेक्षा हुशार आहे.

आठवी पायरी: कायद्याचं थोडक्यात

टोपणनावाने लिहिणं हा गुन्हा नाही. पण बदनामी टोपणनावानेही बदनामीच असते: भारतीय न्याय संहितेचं कलम 356, दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, किंवा समाजसेवा. ‘पण ते खरं आहे’ एवढ्याने फौजदारीत सुटका होत नाही. खरं असून ते सार्वजनिक हिताचंही असावं लागतं. बलात्कारपीडितेची ओळख पटेल असं काहीही छापणं कलम 72 खाली गुन्हा आहे, आणि बाललैंगिक अत्याचारात पॉक्सोचं कलम 23 लागतं. तुमच्यावर स्वतःवर ओढवलेल्या प्रसंगाबद्दल लिहायचं असेल तरी आधी जाणकाराशी बोला.

2012 च्या नोव्हेंबरमध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरच्या एका मजकुरासाठी अटक झाली होती; एकीने लिहिलं होतं, दुसरीने लाइक केलं होतं. त्यात लावलेलं आयटी कायद्याचं 66अ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी रद्द केलं. ते कलम तुमच्यावर लावू असं कोणी धमकावलं तर ही तारीख लक्षात असू द्या.

सरकारी नोकरीत असाल तर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 वाचून काढा. ते तुम्हाला लागू आहेत, नाव कुठलंही घ्या. तरीही धीरासाठी एक सांगते. गोपाळ हरी देशमुख 1848 मध्ये ‘लोकहितवादी’ नावाने ‘प्रभाकर’ पत्रात लिहू लागले, तेव्हा ते इंग्रज सरकारच्या चाकरीतच होते. आपल्या समाजावर इतकं झोंबणारं लिखाण नोकरी सांभाळून झालेलं आहे.

नववी पायरी: कोणाला सांगायचं?

एका माणसाला. शून्य नको, कारण अडचणीच्या वेळी पासवर्ड माहीत असणारं कोणीतरी हवं. दोन नकोत. 2013 मध्ये ‘हॅरी पॉटर’च्या लेखिकेने रॉबर्ट गॅलब्रेथ या नावाने कादंबरी काढली होती. नाव फुटलं ते असं: तिच्या वकिलाने बायकोच्या मैत्रिणीला सांगितलं, मैत्रिणीने ट्विटरवर एका पत्रकाराला. संगणकाने शैली तपासून दुजोरा दिला तो नंतर. वकिलाला एक हजार पौंड दंड झाला, पण गुपित काही परत मुठीत आलं नाही. ‘फक्त तुलाच सांगतेय’ हे वाक्य महाराष्ट्रात किती वेगाने फिरतं ते तुम्हाला माहीत आहे.

दहावी पायरी: ओळखले गेलात तर

घाबरून लगेच सगळं पुसू नका. पुसल्याने कबुलीच होते. शिवाय ज्याला दाखवायचं त्याने स्क्रीनशॉट काढलेले असतात, इंटरनेट अर्काइव्हमध्ये प्रत असू शकते, आणि खातं बंद केलं तरी नोंदणीची माहिती 180 दिवस जपून ठेवणं नियमाने संकेतस्थळावर बंधनकारक आहे. आधी सगळं लिखाण स्वतःकडे उतरवून घ्या. मग निळ्या ओळी पुन्हा तपासा. कोणा दुसऱ्याला लागेल असं काही उरलंय का? तेवढे लेख खाली घ्या आणि त्या माणसाला फोन करा. दुसऱ्याकडून कळण्याआधी तुमच्याकडून कळू द्या. विचारणारा जर यादीतला असेल तर ‘मी नाही त्यातली’ म्हणू नका. ‘मी काय लिहिते याबद्दल मी बोलत नाही’ एवढं पुरतं, आणि ते खोटंही नसतं.

मलाही त्या दिवशी हेच वाक्य म्हणायचं होतं. पण आत्या होती. मी म्हटलं, ‘कप आहे, आत्या. खिडकीतच आहे.’

‘बरं,’ ती म्हणाली. मग जरा थांबून, ‘पण दादाला मास्तर कशाला केलंस गं? गणितात दोनदा नापास झालेला माणूस तो.’

खोटं एकदा ठरवलं की कायम, हा माझाच नियम. त्या रात्री मी तो मोडला आणि वडिलांची शाळेतून ग्रंथालयात बदली केली.